पाण्यावरचे पट्टकादंब: फोटो काढताना आणि नंतर एडिट करताना

पट्टकादंब म्हणजे डोक्यावर पट्टे असलेला राखाडी हंस (बार-हेडेड गूस). त्याचा डोळा कुठे असतो, ते आधी नीट बघून घ्या. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. वरचा पट्टा एका डोळ्यापासून निघतो आणि डोक्याच्या मागून फिरून दुसऱ्या डोळ्याला येऊन भिडतो. दुसरा आखूड, त्याच्या खाली, जिथे मान सुरू होते तिथे. डोळा गडद तपकिरी आणि तो बरोबर वरच्या पट्ट्याच्या टोकाशी. म्हणजे काळ्यात काळं. लांबून काढलेल्या बहुतेक फोटोंत डोळा दिसतच नाही, पट्टा थोडा पुढे आल्यासारखा वाटतो, आणि पक्षी मातीचा केल्यासारखा दिसतो.

त्यावर एकच उपाय आहे. सूर्य तुमच्या पाठीशी हवा, अजून खाली हवा, आणि पक्ष्याने मान किंचित उजेडाकडे वळवलेली हवी. तेवढ्या क्षणात डोळ्यात मोहरीएवढा पांढरा ठिपका येतो. तो ठिपका आला की शटर दाबायचं. तो नसेल तर थांबायचं. एडिटिंग करताना तो ठिपका बाहेरून आणता येत नाही. पांढऱ्या ब्रशने घातला तर तो खोटा आहे हे लगेच कळतं.

आमचा बारामतीत फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं हे रोजचं काम. थंडीत ज्या दिवशी ऑर्डर नसते, त्या दिवशी पहाटे पाचला मी घरातून निघते आणि भिगवणच्या पुढे कुंभारगावला उजनी धरणाच्या पाण्यावर जाते. नऊ वर्षं झाली. तिथे येणारे बहुतेक जण रोहित (फ्लेमिंगो) बघायला येतात, होडीवाल्यालाही आधी रोहितच दाखवायची घाई असते. मला ओढ असते ती या राखाडी हंसांची.

कधी जायचं

पट्टकादंब आपल्याकडे हिवाळ्याचे पाहुणे. तिबेटचं पठार, मंगोलिया, लडाखमधल्या त्सो मोरीरीसारख्या तलावांच्या काठी ते पिल्लं वाढवतात आणि हिमालय ओलांडून खाली येतात. अंगावर ट्रान्समीटर लावलेले पट्टकादंब सात हजार मीटरच्या वर उडताना नोंदले गेले आहेत. विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरून ठेवणारं हिमोग्लोबिन त्यांच्या रक्तात असतं. महाराष्ट्रात ते जायकवाडीला दिसतात, नांदूर मधमेश्वरला दिसतात, इतरही धरणांवर उतरतात. पण मी जे सांगणार आहे ते उजनीवरचं, कारण तेच पाणी मला माहीत आहे.

नोव्हेंबरात धरण भरलेलं असतं, पाणी पार बाभळींपर्यंत, आणि पक्षी लांब विखुरलेले. मकरसंक्रांतीनंतर पाणी उतरायला लागतं. चिखलाचे पट्टे उघडे पडतात, शेतकरी त्या गाळपेर जमिनीत हरभरा, गहू करतात, आणि हंस पाणी आणि शेत यांच्या मधल्या कडेला गोळा होतात. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि अख्खा फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मार्चमध्ये ते परतायला लागतात.

दिवसातली वेळ सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत. फेब्रुवारीत साडेनऊनंतर चिखल तापतो, पाण्यावरची हवा थरथरायला लागते, आणि पाचशे एमएमच्या लेन्समधून पक्षी उकळत्या दुधावरच्या सायीसारखा हलताना दिसतो. हा फोकसचा दोष नाही आणि कुठल्याही शार्पनिंगने तो जात नाही. मी त्या वेळी कॅमेरा बॅगेत ठेवते आणि न्याहारी करते.

आणि एक गोष्ट मनात पक्की करा. पट्टकादंब बऱ्याचदा रात्री शेतांत चरतात आणि दिवसा पाण्याच्या कडेला विसावतात. आपली सकाळ ही त्यांची निजायची वेळ. चोच पाठीच्या पिसांत खुपसून, एका पायावर उभा असलेला हंस म्हणजे ‘काहीच न करणारा’ पक्षी नव्हे. तो रात्रपाळी करून आलेला आहे.

होडीत

पहिल्या वर्षी मीच होडीवाल्या मामांना सारखी म्हणत होते, अजून पुढे, अजून पुढे. दोनशेच्या आसपास पक्षी होते. मामांनी इंजिन चालू ठेवून होडी आत घातली, एकदम सगळा थवा उठला, आणि माझ्याकडे त्या दिवशी नुसती शेपट्यांची छायाचित्रं आली. ते पक्षी परत त्या कडेला बसले नाहीत. दुपारी परतताना ते लांब, दुसऱ्या काठाला, माणसांची वर्दळ असलेल्या बाजूला दाटीवाटीने उभे होते. ते मी अजून विसरलेले नाही.

आता आमचं ठरलेलं आहे. थवा दिसला की शंभर-सव्वाशे मीटरवर इंजिन बंद. मग मामा बांबूने ढकलतात, सरळ थव्यावर न जाता तिरकी, जणू आपण पलीकडे कुठे निघालोय.

“ताई, अजून पुढं घेऊ का?”

“नको मामा, इथंच राहू द्या.”

“बाकीची लोकं तर म्हणत्यात, उडवा म्हणून.”

“आपण बसून राहू. त्यांचं त्यांना उडू द्या.”

पन्नास मीटर पुरे होतात. माझ्याकडे निकॉनची डी ७५०० बॉडी आणि २००-५०० एमएम लेन्स आहे. पन्नास मीटरवरून पाऊण मीटर लांबीचा पक्षी फ्रेमच्या रुंदीचा साधारण एक-तृतीयांश भाग घेतो. यापेक्षा जवळ जायची गरज मला कधी वाटली नाही. उरलेली जागा पाण्याला हवीच असते.

थवा अस्वस्थ झालाय हे कसं ओळखायचं? आधी कडेच्या एकदोघांच्या माना ताठ होतात. मग चरणं, पिसं साफ करणं थांबतं. मग सगळ्या माना एकदम वर, आणि घशातल्या घशात बोलल्यासारखा आवाज सुरू होतो. माना वर गेल्या की होडी तिथेच थांबवायची. पाच-सात मिनिटं कोणी हालचाल केली नाही तर एकेक मान परत खाली येते, आणि खरे फोटो तिथून पुढे मिळतात: पंख ताणणारा, पाण्यात डोकं बुडवून पाठीवर पाणी घेणारा, शेजाऱ्याला मान लांब करून हुसकावणारा.

बसायचं होडीच्या तळाशी, फळीवर नाही. कॅमेरा जितका पाण्याच्या जवळ तितकं पाणी पातळ रेघेसारखं दिसतं आणि मागचा काठ मऊ, धूसर होतो. उभं राहून वरून काढलेला हंस पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. ट्रायपॉड होडीत निरुपयोगी आहे, होडीची प्रत्येक हालचाल तो लेन्सला पोचवतो. मी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात दीड किलो ज्वारी भरली आहे. ती होडीच्या काठावर ठेवायची, तिच्यावर लेन्स. ज्वारी लेन्सच्या आकाराप्रमाणे बसते, घसरत नाही. पिशवी ओली झाली तर घरी गेल्यावर ज्वारी उन्हात घालायची, नाहीतर तिला वास मारतो.

लाइफ जॅकेट घाला, फोटोला अडचण होते म्हणून काढून ठेवू नका. मे २०२४ मध्ये याच उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान होडी उलटून सहा जण गेले.

सेटिंग

पांढरं डोकं, काळे पट्टे, राखाडी अंग, केशरी-पिवळी चोच आणि पाय, आणि भोवती चमकणारं पाणी. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर इथे हमखास गोंधळतं. मागे गडद पाणी असेल तर मीटर फोटो उजळवतं आणि डोक्याचा पांढरा जळतो. लग्नात काळ्या पडद्यापुढे पांढरा फेटा घातलेला नवरदेव उभा केला की जे होतं, तेच. तेव्हा एक्स्पोजर उणे ०.३ ते उणे ०.७ करा. उलट, धुकं असेल किंवा पाणी चांदीसारखं चमकत असेल, तर मीटर सगळंच अंधारं करतं. तिथे अधिक ०.७ ते अधिक १. कॅमेऱ्यात हायलाइट (जळालेला पांढरा भाग) लुकलुकण्याची सोय चालू ठेवा. पाण्यावरची एखादी चमक लुकलुकली तर चालेल. डोकं लुकलुकलं तर लगेच कमी करा. दुसऱ्या वर्षी मी स्क्रीनवर नुसता फोटो बघून खूश झाले होते. घरी मोठ्या मॉनिटरवर बघितलं तर तीनशेहून जास्त फ्रेममध्ये डोक्यावर पिसं नव्हतीच, कोरा कागद होता. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलेले असूनही ते परत आले नाहीत.

शटर स्पीड पोहणाऱ्या पक्ष्याला १/१०००, कारण पक्षी हलला नाही तरी होडी हलते. उडणाऱ्याला १/२५००. एकटा पक्षी असेल तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/५.६ पुरतं. कुटुंब पुढेमागे पोहत असेल तर एफ/८. आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा १६००. फोकस कंटिन्युअसवर, आणि पॉइंट डोक्यावर, अंगावर नाही. मान लांब असल्यामुळे डोकं अंगाच्या पुढे किंवा मागे असतं आणि आपल्याला डोळा हवा आहे.

पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लेन्सला लावू नका. एक-दीड स्टॉप उजेड खातो, आणि वर प्रतिबिंबही खातो.

प्रतिबिंबासाठी खाली जागा सोडा. मान ताठ केलेल्या हंसाचं प्रतिबिंब तो स्वतः जेवढा उंच, तेवढंच खाली जातं. पक्षी फ्रेमच्या मध्याच्या थोडा वर ठेवला तरच ते मावतं. नवीन लोकांच्या फोटोंत सगळ्यात जास्त वेळा कापलं जातं ते खालचं डोकं.

उडण्याचे फोटो हवे असतील तर वारा बघा. हंस वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि उतरतातही वाऱ्याकडे तोंड करूनच. थंडीत सकाळी आमच्याकडे वारा बऱ्याचदा पूर्वेकडून असतो, सूर्यही पूर्वेला. दोन्ही पाठीशी घेतले की पहाटे शेतातून परतणारे हंस तुमच्याकडे तोंड करून उतरतात: पंख खोल वाकलेले, केशरी पाय पुढे, शेपूट पसरलेली. पाय पाण्याला लागतात त्या क्षणी दोन रेघा उठतात. त्यासाठी पक्षी आकाशात असल्यापासूनच फोकस धरून ठेवावा लागतो.

थव्यात काही हंसांच्या डोक्यावर पट्टे नसतात, डोकं वरून गडद, मान मळकट. ते दुसऱ्या जातीचे नाहीत, त्याच वर्षीची पिल्लं आहेत. आई-बाप आणि पिल्लं हिवाळाभर बरोबर राहतात. दोन पट्टेवाले आणि त्यांच्यामागे दोन-तीन बिनपट्ट्याचे एका ओळीत पोहताना दिसले, तर थव्याचा नाद सोडून तेवढंच कुटुंब धरा.

घरी, कॉम्प्युटरवर

मी लाइटरूम हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरते. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे आणि रॉ फाइल उत्तम उघडतं. स्लायडरांची नावं थोडी वेगळी, काम तेच.

आधी निवड. शंभर टक्क्यांवर झूम करून फक्त डोळा बघायचा. ठिपका आहे, ठेवा. नाही, पुढे. भावनेत अडकू नका. एका सकाळीचे चारशे फोटो असतील तर माझ्याकडे दहा-बारा उरतात.

मग फोटो सरळ करणं. पाणी तिरकं असलेला फोटो बघवत नाही, पण अनेकदा फ्रेममध्ये काठच नसतो, मग सरळ कशाच्या आधारे करायचं? पक्ष्याचा डोळा आणि पाण्यातला त्याचाच डोळा बघा. पाणी शांत असेल तर ते दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतात. क्रॉपची जाळी लावून ती रेष जुळवली की फोटो सरळ झाला.

आता रंग, आणि इथे मला जरा थांबून बोलायचं आहे.

राखाडी हा फार अवघड रंग आहे. निळ्या पाण्याच्या शेजारी तो निळा पडतो, सकाळच्या उन्हात पिवळा, आणि दोन्ही दुरुस्त करायला गेलं की एकदम गुलाबी. पट्टकादंबाची सोय अशी की त्याच्या डोक्यावरच पांढरं कापड टांगलेलं आहे. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर दोन पट्ट्यांच्या मधल्या पांढऱ्यावर टेका. फोटो तटस्थ होईल, पण सकाळ निघून जाईल. म्हणून तिथून स्लायडर परत पिवळ्याकडे निम्म्यापर्यंत आणा. माझे सकाळचे फोटो साधारण ५३०० ते ५६०० केल्विनला थांबतात. पाठीच्या पिसांवर कर्सर नेला तर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळजवळ हवेत, लाल किंचित वर. निळा वर असेल तर तुम्ही हंसाला थंड केलंय.

पाण्याचा रंग बदलू नका. उजनीचं पाणी जानेवारीअखेरीस बऱ्याचदा हिरवट असतं. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि इथे साचतं, शेवाळ माजतं, तो रंग आहे तो. मी कित्येक फोटो पाहिले आहेत ज्यांत हे पाणी लडाखच्या तलावासारखं निळंशार केलेलं असतं. हंस लडाखहून आलाही असेल, पण तो फोटो उजनीचा आहे. माझ्या गावाजवळचं पाणी कसं आहे ते त्या फोटोत राहिलं पाहिजे. दहा वर्षांनी कोणी बघेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे की फेब्रुवारीत ते असं दिसायचं.

उजेडाचं काम थोडक्यात. हायलाइट उणे ३० ते ४०, म्हणजे डोक्यावरची बारीक पिसं दिसायला लागतात. डोक्याचा सगळ्यात पांढरा भाग ९६ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, काळा पट्टा ५-६ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. पट्ट्यालाही पिसं आहेत. शॅडो फार उचलू नका. पोटाखालची सावली गेली की पक्षी पाण्यात बसलेला न दिसता वर तरंगतो. चोच आणि पाय सॅच्युरेशन वाढवल्यावर सगळ्यात आधी फुटतात, म्हणून केशरी रंगाचं सॅच्युरेशन मी उलट पाच-दहाने कमी करते.

मास्क, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच धरणारी निवड, दोन लावा, एक पक्ष्याचा, एक पाण्याचा. शार्पनिंग फक्त पक्ष्याला, नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, काढणं फक्त पाण्याला. पक्ष्यावरून नॉइज पुसलं की मानेवरच्या उभ्या पिसांच्या रेघा मेणासारख्या गुळगुळीत होतात. शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर ऑल्ट दाबून ओढा, काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा दिसतात. पाणी पूर्ण काळं होईपर्यंत न्या.

पक्षी उजळवला तर त्याचं प्रतिबिंबही थोडं उजळवा, पण त्याच्याएवढं नाही. पाण्यातला हंस बाहेरच्यापेक्षा नेहमी गडद असतो. शिवाय प्रतिबिंब पक्ष्याला खालून बघतं, त्यात हनुवटी आणि पोट जास्त दिसतं, पाठ कमी. म्हणूनच फोटो उलटा करून खाली चिकटवलेलं प्रतिबिंब ओळखू येतं: त्यात पाठ दिसते.

पुसायचं काय? सेन्सरवरच्या धुळीचे डाग, बस्स. जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे, बांबू, मागची ऊसाची मोटर मी ठेवते. मागे उभा असलेला दुसरा पक्षी फोटो बिघडवत असेल तर तो फोटो निवडतच नाही.

प्रिंट काढायची असेल तर लॅबमध्ये मॅट पेपर सांगा. ग्लॉसीवर पांढरं डोकं ट्यूबलाइटखाली चमकतं. १२ बाय १८ इंचांसाठी ३६०० बाय २४०० पिक्सेल पुरतात, म्हणजे माझ्या कॅमेऱ्याच्या फाइलची रुंदी एक-तृतीयांश कापली तरी चालतं. कागदावर फोटो मॉनिटरपेक्षा गडद येतो, तेव्हा प्रिंटच्या कॉपीत एक्स्पोजर ०.२५ वाढवा. मोबाइलवर टाकायचा असेल तर लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि कलर स्पेस एसआरजीबी.

शेवटी सगळे फोटो, टाकून दिलेलेसुद्धा, एकदा मानेकडे बघत चाळा. मंगोलियात गळ्यात प्लॅस्टिकचा पट्टा घातलेले पट्टकादंब भारतात येऊन गेल्याच्या नोंदी आहेत. असा पट्टा दिसला तर त्याचा रंग आणि त्यावरची अक्षरं वाचता येतील असा क्रॉप करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, इथे वाटेल तेवढा वाढवा. मग तारीख, गाव आणि थव्यातली अंदाजे संख्या लिहून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा, आणि क्रॉपबरोबर मूळ फाइलही पाठवा, एकही स्लायडर न हलवलेली.